तापलेल्या चकतीवर पाणी

ट्वेनेबोआ ओबोला परतला तेव्हा त्याची एक सवय आम्हा गावकऱ्यांच्या चटकन लक्षात आली. रस्त्यात कुणाची गाडी थांबली की आत कोण बसले आहे हे पाहण्याआधी तो किंचित वाके आणि पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून आत डोकावे. मग सरळ होऊन नमस्कार करी. त्यात उर्मटपणा नव्हता. राजधानीत, आक्राच्या सुट्या भागांच्या बाजारात त्याने उमेदीची सारी वर्षे ब्रेकचे सामान विकण्यात घालवली होती, आणि दंतवैद्याची नजर जशी आधी दातांकडे जाते तशी त्याची चाकामागच्या ब्रेकच्या चकतीकडे जात असे.

क्वाहूच्या डोंगरावरची निम्मी माणसे कुठल्या ना कुठल्या शहरात दुकान टाकून बसलेली असतात आणि ईस्टरला घरी येतात. त्यामुळे त्याचे जाणे कुणाला खुपले नव्हते, परतणे खुपले. धंदा बुडाला असेल, बायकोने हाकलले असेल, असे तर्क चालले. खरे कारण त्याची आई होती. एना म्हणजे आमच्याकडे आईच. एना डुफिएची मूत्रपिंडे निकामी झाली होती. रक्त धुण्याचे यंत्र डोंगराच्या पायथ्याशी, एन्कॉकॉच्या इस्पितळात होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला तिथे नेणे भाग होते. डॉक्टरांनी खालीच खोली घ्या म्हणून सुचवले. एना डुफिएने ते ऐकूनही घेतले नाही. डोक्यावर कापडाची गाठोडी वाहून, गावोगावचे बाजार करून तिने ओबोतले ते घर बांधले होते. “यंत्राकडं जाईन मी,” ती म्हणाली, “पण झोपेन माझ्याच घरात. तिथं खाली झोपेत काही झालं तर माझा आत्मा रस्ता शोधत बसेल.”

म्हणजे तिचे जगणे खाली होते आणि तिचे घर वर. या दोहोंना बांधून ठेवणारी वस्तू एकच होती: हॅम्बुर्गला राहणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीने पाठवलेली, चार दारांची करडी गाडी. दर खेपेला भाड्याची गाडी करणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. ट्वेनेबोआने म्हणूनच त्या गाडीची, आणि गाडीतही विशेषेकरून पुढच्या दोन चकत्यांची, जी निगा राखली तशी निगा आमच्याकडे फक्त आजारी माणसांची राखली जाते.

एका सकाळी तो ओसरीसमोर चाक काढून बसला होता. एना डुफिए खुर्चीतून पाहत होती.

“ते ताट काय पुसत बसलायस?”

“ताट नव्हे, एना. हिच्यावरच गाडी थांबते.”

“गाडी तुझ्या पायानं थांबते. मी काय आंधळी आहे? मागं बसून बघते ना, पाय दाबतोस ते.”

“मी पाय दाबला की दोन बाजूंनी दोन ठोकळे हिला चिमटीत धरतात. चाकाबरोबर फिरत असते ही. धरली की मंदावते, तिच्याबरोबर चाक, आणि चाकाबरोबर आपण. पण गाडीचा तेवढा वेग जाणार कुठं? तो सगळा उष्णता होऊन हिच्या अंगात शिरतो. उतार संपल्यावर हिला हात लावलास तर कातडी सोलून निघेल.”

एना डुफिएने चकतीकडे करुणेने पाहिले. “मग बिचारीला तहान किती लागत असेल!”

तो हसला. त्या वेळी हसण्यासारखेच होते ते.

ओबोहून निघालेला रस्ता एम्प्राएसो गाव ओलांडून पुढे गेला की डोंगराच्या कडेवरून वळणे घेत खाली कोसळतो. शेवटचे वळण संपते तिथे, आंब्याच्या सावलीत, संत्री आणि भाजलेली केळी विकणाऱ्या बायका बसतात. लाकडी टपाचे जुने ट्रक या उतारावरून येत तेव्हा त्यांची चाके धुरकटलेली असत, आणि त्या काळच्या बायका बादल्या घेऊन धावत. पुढे धूर गेला, ट्रक गेले, बादल्या राहिल्या. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग विचारपूस; पाणी दिल्यावाचून ‘काय खबर?’ असे विचारणे हे रानटीपणाचे लक्षण. उतारावरून सुखरूप आलेली गाडीही पाहुणीच. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांवर भरपूर पाणी ओतायचे, तापलेले लोखंड ‘छस्स’ करून उत्तर देते ते ऐकायचे, मग चालकाला विचारायचे, वरची खबर काय? यासाठी कुणी काही घेत नाही. जो न थांबता निघून जातो त्याच्याबद्दल मात्र बरेच बोलले जाते.

लाल होईतो तापलेल्या ओतीव लोखंडावर अचानक गार पाणी पडले की ते एकसारखे आक्रसत नाही. एक भाग आधी, एक मागून. डोळ्यांना दिसणार नाही इतकी चकती वाकते, पण पायाला कळते: ब्रेक दाबला की पेडल तळव्याखाली नाडीसारखे उडू लागते, आणि स्टिअरिंगला कापरे भरते. करड्या गाडीचे पहिल्याच पावसाळ्यापूर्वी असे झाले. ट्वेनेबोआ चकत्या काढून पायथ्याच्या मास्टर लार्टेकडे घेऊन गेला. लार्टे मूळचा किनाऱ्याकडचा, लेथवर काम करणारा. त्याने दोन्ही चकत्या घासून सपाट करून दिल्या. कापरे गेले. पण सपाट करणे म्हणजे पातळ करणे. पातळ चकती लवकर तापते. लवकर तापलेली पाण्याने लवकर वाकते. काही महिन्यांत त्या पुन्हा लार्टेच्या लेथवर होत्या, आणि त्यानंतर पुन्हा.

शेवटच्या खेपेस लार्टेने मापकाचे जबडे चकतीवर मिटले, तिच्या मधल्या टोपीसारख्या उंचवट्यावर ओतलेला बारीक आकडा तेल पुसून वाचला, आणि चकती ट्वेनेबोआच्या हातात परत दिली.

“नाही बॉस.”

“एकदाच, मास्टर. अगदी केसभर.”

“केसभर केसभर करत तू तिचं टक्कल केलंयस. याच्याखाली नाही जायचं असं बनवणाऱ्यानंच लिहून ठेवलंय, आणि हे तू मला विचारतोस? आक्रात गिऱ्हाइकांना काय सांगायचास?”

“हेच सांगायचो.”

“मग? मी काय सुतार आहे, रंधा मारत मारत शेवटी तुला कागद देऊ?”

ट्वेनेबोआ स्वतः आक्राला गेला. आपल्या जुन्या बाजारात त्याने दिवसभर चकत्या पाहिल्या. बोटावर टांगून, दुसऱ्या हाताच्या नखाने वाजवून, नाद किती वेळ टिकतो ते ऐकत तो एकेक बाजूला ठेवत गेला. अखेरीस एक जोडी त्याच्या मनास आली. जोडीच; एका चाकाला नवी आणि दुसऱ्याला जुनी घालणारा माणूस त्याच्या लेखी गुन्हेगार होता. घरी येऊन त्याने चाकाच्या बैठकीवरचा गंज तारेच्या ब्रशाने कण न् कण काढला, कारण चकतीखाली गंजाची खपली राहिली तर सपाट चकतीही वाकडी फिरते. नट त्याने समोरासमोरचे पाळीपाळीने आवळले. पहिले काही दिवस गावातल्या सपाटीवर हलके ब्रेक मारत ठोकळे आणि चकती यांची ओळख करून दिली. त्याचे काही चुकले नव्हते. इथवर जे जे माणसाच्या हातात असते ते सारे त्याने केले होते.

राहिले पाणी.

उतारावर तो आता गाडी खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनालाच तिला धरू देई, ब्रेक थोडा दाबून लगेच सोडी. मागून हॉर्न वाजत, टॅक्सीवाले ओलांडून जाताना खिडकीतून ओरडत, “म्हातारीला पुरायला चाललायस काय रे?” एना डुफिए आतून त्यांना उलट उत्तर देई, “तुमच्या आईला आधी!” तरीही इतक्या लांब उतारावर चकत्या तापतच. शेवटच्या वळणाआधी थोडी सपाट जागा होती. तिथे थांबून त्याने एकदा गाडी निवू दिली. एना डुफिएला ते मुळीच आवडले नाही. “चोरून आल्यासारखे आपण इथं झाडात का बसलोय? काय लपवायचंय आपल्याला?” शिवाय यंत्राची वेळ ठरलेली असे. उशीर झाला की पुढच्या रुग्णाला यंत्र लावत, आणि आपली पाळी गेली ती गेलीच.

मग एका मंगळवारी, आईला इस्पितळात सोडून, तो चालत त्या आंब्यापाशी आला. बायकांची पुढारी होती आंटी अज्येवा. तिची संत्री सोलण्याची तऱ्हा अशी की साल अखंड फितीसारखी खाली उतरे, आणि बोलणेही तसेच.

“आंटी, आमच्या चाकांना पाणी नको.”

“का रे? गाडीनं उपास धरलाय?”

“लोखंड तापलेलं असतं. गार पाणी पडलं की वाकडं होतं.”

अज्येवाने सुरी थांबवली. “लोहार लाल झालेला कोयता कशात बुडवतो?”

“पाण्यात.”

“वाकडा होतो?”

“कोयता वेगळा, आंटी. तो ठोकलेला. ही चकती ओतीव...”

“ऐकलंत का गं,” ती बाकीच्यांकडे वळली, “आक्राच्या लोखंडाला आमच्या पाण्याची सर्दी होते म्हणे!” बायका पोट धरून हसल्या. एकीने विचारले की गाडीला शाल हवी का. पण अज्येवा मनाने कडवट नव्हती. हसू ओसरल्यावर तिने त्याचा चेहरा नीट पाहिला. “तुझ्या आईला मी नको कसं म्हणू? ती पाहत असते. बरं, असं करू. रबरावर ओतू, लोखंडाला शिवणार नाही. पाय धुऊ, तोंड नाही धुणार. चालेल?”

“चालेल, आंटी. देव तुम्हाला बरं ठेवो.”

कित्येक आठवडे ते चालले. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी आंब्याखाली थांबे, अज्येवा गंभीर चेहऱ्याने टायरवर पाणी सोडी, खबर विचारी, आणि ट्वेनेबोआच्या पायाखालचे पेडल शांत राही. त्या काळात तो थोडा भरल्यासारखा दिसू लागला होता, असे आमच्यापैकी अनेकांना आठवते. ओसरीवर बसून तो आईला तिच्या कापडाच्या फेऱ्यांच्या गोष्टी विचारी आणि तीही सांगे.

मात्र तिचे पाय सुजू लागले होते. यंत्रावरून उठल्यावर पूर्वी येणारी हुशारी आता येत नसे. डॉक्टर म्हणत, या वयात असे होते. एना डुफिएने कारण दुसरीकडे शोधले. तिचे कान तिखट होते आणि त्या कानांना एक आवाज बरेच दिवस मिळाला नव्हता.

शुक्रवार होता. गाडी आंब्याखाली थांबली, अज्येवाने टायरवर पाणी ओतले.

“गाडी बोलली नाही,” मागून एना डुफिए म्हणाली.

“कधी बोलते, कधी नाही,” ट्वेनेबोआ म्हणाला.

“पोरा, कितीतरी दिवस ती बोललेली नाही. मला वाटायचं, माझेच कान गेले. आत्ता खिडकीतून वाकून पाहिलं मी. ही बाई पाणी मातीत ओतते.” ती अज्येवाकडे वळली. “मी तुझं काय वाईट केलं गं? रस्त्यावरच्या कुणालाही देतेस ते मला का देत नाहीस?”

अज्येवाने बादली खाली ठेवली. “नाना,” ती वडीलधाऱ्यांना म्हणतात तसे आदराने म्हणाली, “तुमच्या मुलाच्या मनात नाही.”

“त्याच्या मनात काय आहे ते मी तो रांगत होता तेव्हापासून ओळखते. मला डोंगरावरून उतरवून आणतो आणि पाण्यावाचून पुढं नेतो. चोरासारखं. म्हणून माझे पाय भरले. म्हणून ते यंत्र माझ्या रक्ताला लागू पडत नाही.”

“एना, तसं नसतं. ऐक. ही चकती वाकली तर आपण येणार कसे? तुझ्यासाठीच...”

“पाणी ओतू दे. नाहीतर मी इथून पुढं जात नाही.”

“बरं. जरा थांबू. निवू दे तिला, मग हवं तेवढं ओतू.”

“निवल्यावर ती काय बोलेल? आणि तोवर यंत्र दुसऱ्याला लावतील, ते मला कळत नाही का?” तिने दार उघडून सुजलेला पाय बाहेर टाकला. “मी इथंच बसते या बायकांत. तू जा.”

त्याने घड्याळात पाहिले. इस्पितळ तिथून जवळच होते. मंगळवारी अशक्तपणामुळे तिला यंत्रावरून लवकर उठवले होते. आजचे चुकले तर पुढे काय होते ते परिचारिकेने त्याला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले होते. एकीकडे आजचा दिवस होता आणि दुसरीकडे त्यानंतरचे सारे दिवस, आणि दोन्ही वाचवायचा मार्ग त्या आंब्याखाली कुठेही नव्हता. आक्रातल्या आयुष्यभरात त्याने कितीतरी गिऱ्हाइकांना ठामपणे नाही म्हटले होते. समोर बसलेल्या आईला कसे नाही म्हणावे, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

“ओता, आंटी,” तो म्हणाला.

अज्येवा जागची हलली नाही. “खरंच म्हणतोयस?”

“ओता.”

तिने डाव्या चाकावर ओतले आणि मग वळसा घालून उजव्या. आऱ्यांमधून पांढरी वाफ फुसकारत वर आली. उजवीकडे त्या फुसकाऱ्याच्या आत एक छोटा, कोरडा आवाज झाला, कुणीतरी काडी मोडावी तसा. तो फक्त त्याला ऐकू आला. एना डुफिएने पाय आत घेतला, दार लावले, आणि अज्येवाला वरची खबर अगदी सविस्तर सांगितली: कुणाच्या घरी बाळ झाले, कुणाच्या छपराचे पत्रे उडाले. इस्पितळापर्यंतच्या सपाट रस्त्यावर पेडल त्याच्या तळव्याखाली उडत होते. त्या दिवशी ती यंत्रावर वेळेवर बसली.

लार्टेने चकती उजेडात धरली. कडेपासून आत टोपीपर्यंत काळी रेघ गेली होती.

“याला लेथ नाही लागत,” तो म्हणाला. “याला खड्डा लागतो. गाडी वर न्यायचं नाव काढू नकोस.”

“दुसरी जोडी मागवतो.”

“मागव.” लार्टेने हात पुसले. “मग? तीच बादली, तीच आई.”

“माहीत आहे, मास्टर.” गाडी लार्टेच्या अंगणातच ठेवून मायलेक त्या दिवशी ओळखीच्या एकाच्या गाडीतून वर आले.

आक्राहून निरोप आला की तशा नव्या चकत्या पुढच्या जहाजाने येतील. तूर्त आहेत त्या वापरलेल्या, आणि आकड्याच्या खाली गेलेल्या. जुन्या मित्राने हे खरे सांगितले याबद्दल ट्वेनेबोआने त्याचे आभारही मानले. मंगळवारी त्याने आईला माणसागणिक भाडे घेणाऱ्या व्हॅनमध्ये बसवून खाली नेले. जाताना ती कशीबशी टिकली. परतीच्या वाटेवर, माणसांच्या आणि टोपल्यांच्या दाटीत, तिची शुद्ध हरपली. एम्प्राएसोच्या थांब्यावर व्हॅनच्या मदतनीसाने आणि दोघा अनोळखी माणसांनी तिला काखेत धरून खाली उतरवले, तेव्हा तिचे वस्त्र सुटले होते. याच थांब्यावर तिने एके काळी कापड विकले होते. बाजारातल्या बायकांनी पाठी वळवून तिच्याभोवती आडोसा केला. शुद्धीवर आल्यावर तिने वस्त्र गळ्यापर्यंत ओढून घेतले. घरी पोचेपर्यंत तिने ते मुठीतून सोडले नाही.

शुक्रवारी ती इस्पितळाला जायला उठली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही.

चकत्या बुधवारी आल्या, बसच्या टपावरून, गोणपाटात बांधून. ट्वेनेबोआने दुपारीच लार्टेच्या अंगणात गाडीची चाके उतरवली. गंज काढला, चकत्यांवरचे तेल पुसले, नट समोरासमोरचे आवळले. घाईतही एकही पायरी त्याने गाळली नाही. मग गाडी घेऊन तो वर आला. ती ओबोच्या चढावर अगदी गुळगुळीत चालत आल्याचे आम्ही पाहिले, आणि आमच्यापैकी काहींना उगाचच बरे वाटले.

एना डुफिए पलंगावर भिंतीला टेकून होती. चेहरा सुजून गुळगुळीत झाला होता, त्यामुळे ती तरुण दिसत होती.

“एना, गाडी तयार आहे. आत्ता निघालो तर घेतील तुला. मी फोन केलाय.”

“ठेव तिला तशीच.”

“मी पाणी ओतू देईन. दोन्ही चाकांना, बादल्या भरभरून. दर खेपेला. वाकू दे, मोडू दे, मी आणत राहीन.”

“नको रे.”

“माझ्यावर रागावली आहेस?”

“रागावून काय करू?” ती म्हणाली. “त्यांनी मला पोत्यासारखं उतरवलं, पोरा. सगळ्यांदेखत. आता मी कुठं जात नाही.”

त्याने तिला उचलण्यासाठी तिच्या खांद्याखाली हात घातला. तिने विरोध केला नाही, फक्त पलंगाची लाकडी कड मुठीत धरली. त्या मुठीत जोर असा काही नव्हता. एक एक बोट सोडवून घेणे कुणालाही जमले असते. त्याने तिच्या बोटांवर आपला हात ठेवला, तसाच बराच वेळ ठेवला, आणि मग काढून घेतला.

त्याच्या खिशात इस्पितळाचा फोन एकदा वाजून बंद झाला.

“पामच्या बियांचं सूप करशील?” तिने विचारले. “मीठ घालून. त्या डॉक्टरांचं ते बेचव नको.”

तो स्वयंपाकघरात गेला. बिया उकडून कुटताना मुसळाचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता. सूप झाल्यावर त्याने चिमूटभर मीठ टाकले, चाखून पाहिले, आणि आणखी टाकले.